तवा, तेल आणि मजुरी

मराठी स्वयंपाकाविषयी आजवर ज्यांनी लिहिले, त्यांनी घरात तेलाचा डबा आहे असे गृहीतच धरले. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली निघाले आणि मध्यमवर्गीय घराघरांत पोचले. त्याच वर्षी १७ मार्चला सिडकोची स्थापना झाली, आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभारण्याचे काम तिच्याकडे आले. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु या शहराच्या कडेला येऊन पडलेल्या दलित मजुराच्या चुलीवर काय शिजत होते, याची दखल ना पाककलेच्या पुस्तकांनी घेतली ना शहराच्या आराखड्याने. तेव्हा तव्यावरच्या तिखट मासळीसारख्या साध्या पदार्थाचा इतिहासही आपला आपणच मांडावा लागतो.

आमचे घराणे बीड जिल्ह्यातले. समुद्र कोणी पाहिलेला नव्हता. आजीच्या लहानपणी मेलेल्या जनावराचे मांस घरी येई आणि उरलेल्याच्या चान्या दोरीवर वाळत. महाडच्या परिषदेत मार्च १९२७ मध्ये मृत मांस सोडण्याचा ठराव झाला. आमच्या वाड्यात तो खऱ्या अर्थाने पोचला १९५६च्या धर्मांतरानंतर. चान्या गेल्या. भाकरीला कोरड्यास म्हणून त्यांची जागा आठवडी बाजारातल्या सुकटीने आणि सुक्या बोंबलाने घेतली. बोंबील निखाऱ्यावर भाजायचा, लसूण-मिरची-मिठाबरोबर पाट्यावर ठेचायचा, झाले. त्यात तेलाचा थेंब नसे. तेल सणाचे, आणि तेही वाटीने नव्हे, बोटाने मोजायचे. तळणे ही कृती आमच्या घरात नव्हतीच, कारण तळण्याला आधी पैसा लागतो. पाककृती लिहिणारे ‘थोडे तेल तापवावे’ असे सहज लिहून जातात, तेव्हा त्या ‘थोड्या’ तेलामागे किती दिवसांची मजुरी आहे हे त्यांना विचारावेसे वाटते.

१९७२च्या दुष्काळात आधी खडी फोडली, सुकडी आणि रेशनचा लाल मिलो खाल्ला. मग घर तुर्भ्याच्या डोंगराखाली आले. दगडखाणीवर आठवड्याला पगार होई. पगाराच्या संध्याकाळी कोळणी उरलीसुरली मासळी उतरत्या भावाने देत. ओला बोंबील आजीने प्रथम तेथेच पाहिला, आणि ‘हा कच्चाच राहिलाय’ असे म्हणून परत करू लागली! शेजारच्या गावातल्या एका आगरी मावशीने तिला शिकवले : बोंबील चिरून उघडायचा, फडक्यात गुंडाळून पाट्याखाली दाबायचा, पाणी निघून गेले की हळद, मीठ, चिंचेचा कोळ, आले-लसणाचे वाटण लावायचे आणि तांदळाच्या पिठात घोळवायचा. ‘तवा तापू दे बाय, घाई नको करू. आणि सारखा उलटू नको, मोडेल.’ हे सारे ती उंबऱ्याबाहेर उभी राहून सांगे. आत बसून तिने खाल्ले ते पुष्कळ वर्षांनी. खाडीकाठ जातीपासून मुक्त होता असे कोणी समजू नये.

आजीने शिकवण घेतली, पण तांदळाचे पीठ घेतले नाही. तिने गावाकडून आणलेला येसूर वापरला. येसरात मसाल्याबरोबर भाजलेले धान्यही दळलेले असते, त्यामुळे वेगळे पीठ लागत नसे. मासळी काळपट दिसे, तिखट असे, आणि कडेने जळकी. मधले तुकडे पुरुषांना आणि आम्हा मुलांना. तव्यावरचा करपलेला चुरा भाकरीने पुसून आजी आणि आई खात. हाही इतिहासच आहे, आणि तो आपल्या चळवळीने फारसा लिहिलेला नाही.

त्या मावशीचेही राहिले काय? जमीन सिडकोने घेतली. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. १६ व १७ जानेवारी १९८४ला जासईच्या परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. खाडीत भराव पडत गेला, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचे सांडपाणी तिच्यात उतरत राहिले. निवट्या, खेकडे, कोलंबी आटत गेली. दिवाळे, सारसोळे येथून अजून होड्या जातात; परंतु खाडीच्या मासळीवर साऱ्या गावाचे पोट भरावे, असे दिवस उरले नाहीत. ज्यांच्या जमिनीवर आमची झोपडी उठली ते उपरे झाले, आणि आम्हाला तर कोणी गावकरी म्हटलेच नव्हते. या दोघांचे दुःख एकाच तव्याशी आले; एकाच मोर्चात मात्र क्वचित आले.

आता घर कोपरखैरण्याच्या इमारतीत आहे. सुरमई, पापलेट तळले की शेजारी वासावरून कौतुकाने विचारतात. सारस्वत, कायस्थ प्रभू यांच्या ताटामुळे ताजी मासळी प्रतिष्ठित झालेली आहे. तिच्या वासाला जात चिकटत नाही. सुका बोंबील भाजायचा झाला तर आई प्रथम खिडक्या लावून घेते. बैलाच्या मांसाचा तर प्रश्नच उरला नाही : १९७६च्या कायद्यात बदल होऊन मार्च २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हणजे आपण काय खावे हे आधी गावाने ठरवले, मग सरकारने, आणि आता भाड्याचे घर देताना आडनाव विचारणारे ठरवतात.

शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आले आणि मराठवाड्यातल्या दलितांचे जेवण छापील पानावर आले. त्यातले कोरडवाहू जग आजीचेच. परंतु खाडीकाठी येऊन तिने तव्यावर जे केले, ते ना कोकणचे ना मराठवाड्याचे. हॉटेलांनी रव्यात घोळवलेली मासळी ‘मालवणी’ म्हणून रूढ केली. येसरातल्या बोंबलाला नाव नाही. येसूर आई अजून घरीच भाजते. मुलगी त्याचे प्रमाण विचारते, तेव्हा आई मूठ उघडून दाखवते.