सहीमागचा लेखक

मे १९३९ च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७ व्या अंकात बॅटमन अवतरला, तेव्हा कथेवर एकच नाव होतं: बॉब केन. कथा लिहिली होती बिल फिंगरने. केनच्या पहिल्या चित्रात लाल कपडे, डोळ्यांपुरता मुखवटा आणि ताठ पंख होते. कान असलेला टोप, घोळदार झगा, करडा रंग, बॅटमनचं ब्रूस वेन हे खरं नाव या फिंगरच्या सूचना, आणि केननेच १९८९ च्या आत्मचरित्रात त्याच्या वाट्याची कबुली दिली. फिंगर मात्र १९७४ मध्येच गेला होता.

यावर म्हणता येईल की मूळ कल्पना केनची, करार त्याचा, फिंगरला पैसेही त्यानेच दिले. शिवाय ती पहिली कथा 'द शॅडो' या कथानायकाच्या १९३६ च्या एका कादंबरीवरून घेतलेली होती. हे सगळं खरं आहे. पण बॅटमन टिकला तो त्या उसन्या कथेमुळे नव्हे. ३३ व्या अंकातली दोनच पानं पाहा. रस्त्यात आईबाप मारले जातात. मग मेणबत्तीच्या उजेडात, पलंगाशी हात जोडून एक पोरगा शपथ घेतो. पोशाखाला दुःख मिळालं ते इथे, आणि पुढच्या प्रत्येक लेखकाला याच पानांकडे परतावं लागलं. ही पानं फिंगरची. पैसे देणारा मजुरीचा धनी होतो, निर्मितीचा नाही. अधिकृत श्रेयात फिंगरचं नाव आलं ते २०१५ मध्ये, तेही केनच्या नावामागे.