तापमापकाची परीक्षा कोण घेणार?

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. तापमापक बरोबर आहे हे आपण कशावरून ठरवतो? दुसऱ्या तापमापकाशी ताडून, असं म्हणाल. मग तो दुसरा तरी बरोबर कशावरून? आपल्या नैयायिकांनी या दोषाला 'अनवस्था' म्हटलं. प्रत्येक पुराव्याला आणखी एक पुरावा लागतो.

यातून वाट काढायची तर निसर्गातच एखादं स्थिर ठिकाण शोधायला हवं. अठराव्या शतकात ते उकळत्या पाण्यात दिसलं. पण 1742 मध्ये सेल्सिअसनं आपली श्रेणी मांडली तेव्हाच त्याला ठाऊक होतं, की हवेचा दाब बदलला की उत्कलनबिंदूही सरकतो. शिवाय उकळत्या पाण्यात सगळीकडे तापमान सारखं नसतं. 1777 मध्ये कॅव्हेंडिशच्या नेतृत्वाखाली रॉयल सोसायटीच्या समितीनं सुचवलं: तापमापक पाण्यात बुडवू नका, बंद भांड्यातल्या वाफेत धरा, आणि दाब लक्षात घ्या. वाफच का? कारण जागा जरा गार असली की वाफ तिथे पाणी होते, अप्रकट उष्मा सोडते, आणि तो फरक भरून काढते.

हीच युक्ती भट्टीच्या तापमानाला वापरायची कशी? उत्तर भलतीकडूनच आलं. जनरल मोटर्सच्या गॉगलरनं 1942 मध्ये शीतकरणासाठी एका बंद नळीच्या पेटंटचा अर्ज केला. तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. 1963 मध्ये लॉस अलामॉसच्या ग्रोव्हरनं तीच कल्पना स्वतंत्रपणे शोधली आणि तिला 'हीट पाइप' हे नाव दिलं. नळीत थोडं सोडिअम, आतल्या भिंतीला जाळीची वात. तापलेल्या टोकाला सोडिअमची वाफ होते, गार टोकाला ती द्रव होते, आणि दिव्यातलं तेल वातीतून चढावं तसा द्रव परत येतो. एरवी विजेच्या भट्टीत मध्य आणि टोकं यांत फरक राहतो. या नळीचं अस्तर दिलं की तो जवळजवळ मिटतो.

आणि दाब? इटलीत इस्प्रा आणि तूरिन इथल्या संशोधकांनी सोडिअमच्या वाफेवर हेलिअमचा दाब ठेवला. दाब सांभाळला की तापमान सांभाळलं जातं. दाब वाढवला की ते चढतं. आपल्या कुकरमध्ये हेच घडतं. सेल्सिअसला जी अडचण होती, तीच इथे सुकाणू झाली. अशा नळीत प्रमाण तापमापक आणि तपासायचा तापमापक शेजारी शेजारी ठेवले, तर दोघांना एकच तापमान मिळतं, एवढी खात्री देता येते.

मग अनवस्था संपली का? नाही. दाबमापकाची परीक्षा कोण घेणार, हा प्रश्न आलाच. चांदीचा गोठणबिंदू 961.78 अंश सेल्सिअस, ही संख्यासुद्धा 1990 च्या आंतरराष्ट्रीय श्रेणीत माणसांनी सहमतीनंच ठरवली. पण दर फेरीत शंकेची जागा लहान होत गेली. तापानं फणफणलेल्या लेकराच्या काखेतला आकडा वाचून आपण औषध देतो, ते या अपुऱ्या पण तपासलेल्या विश्वासावरच. पूर्ण खात्री मिळेपर्यंत थांबलो असतो, तर मोजायला कधी सुरुवातच झाली नसती.