ढोलीतील दोन नाणी

हार्पर ली यांच्या १९६० सालच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ या कादंबरीत अलाबामातील दोन गोऱ्या भावंडांना झाडाच्या ढोलीत सेंटची दोन जुनी नाणी सापडतात. ती रेड इंडियनांची, म्हणून भाग्याची, अशी थोरल्या भावाची समजूत. १८५९ ते १९०९ या काळात पाडलेल्या या नाण्यांवर पिसांचा मुकुट आहे खरा; पण तो घातला आहे स्वातंत्र्यदेवतेने! ज्यांचा मुकुट, त्या मूळ रहिवाशांना सरसकट नागरिकत्व मिळाले ते १९२४ साली.

पुढे हीच भावंडे न्यायालयात कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या सज्जात बसून निरपराध टॉम रॉबिन्सनला दोषी ठरविलेले ऐकतात. लेखिकेचे वडील वकील होते. त्यांच्या मनरोव्हिल गावचे १९०३ सालचे जुने न्यायालय आता संग्रहालय आहे. सज्जाही तेथे आहे.