मुंबई बेटावरचा पहिला इंग्रजी कायदा : न्याय मिळाला, सत्ता कोणाची राहिली?

१/८
इंग्रजांच्या आरंभीच्या वसाहतींतील स्वशासन म्हटले की अमेरिकेतील जेम्सटाउन आठवते. ३० जुलै १६१९ रोजी तेथे वसाहतवाल्यांनी निवडलेल्या २२ प्रतिनिधींची सभा भरली. आपल्या किनाऱ्यावर असे काही घडले का?

२/८
रत्नागिरी जिल्ह्यातील राजापुरास इंग्रजांची वखार होती. पण मुलूख आदिलशाहीचा, म्हणून अंमलही तिचाच. येथील वखारप्रमुख रेव्हिंग्टन याने १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला साहाय्य केले. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूर घेऊन त्यास कैद केले. वखारीचा व्यापारी कायदे करू शकत नव्हता. तो अधिकार इंग्रजांना मिळाला मुंबईत.

३/८
१६६१ च्या विवाहकरारान्वये पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजास दिली. २७ मार्च १६६८ च्या सनदेने राजाने ती वार्षिक १० पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. कायदे करण्याचा अधिकारही दिला. अट एवढीच, की ते विवेकास धरून असावेत आणि इंग्लंडच्या कायद्याशी विसंगत नसावेत. बेटावरील रहिवाशांच्या संमतीची अट नव्हती.

४/८
लंडनमध्ये रचलेल्या कायद्यांत धर्मस्वातंत्र्य आणि ज्यूरीची तरतूद होती. गव्हर्नर जेराल्ड आँजियर याने १६७० मध्ये मुंबई व माहीम अशा दोन विभागांत न्यायालये नेमली. ऑगस्ट १६७२ मध्ये पोर्तुगीज कायदा संपुष्टात आला आणि जॉर्ज विलकॉक्स न्यायाधीश झाला.

५/८
आँजियरने ज्ञातीज्ञातींच्या पंचांनाही मान्यता दिली. आपसांतील तंटे पंचांनी मिटवावेत, गाऱ्हाणी सरकारापुढे मांडावीत. १६७७ मध्ये दीवचा व्यापारी निमा पारख याला धर्माचरणाचे अभय देण्यात आले. माणसे आणि भांडवल बेटावर यावे, हा यामागील व्यवहार होता.

६/८
मात्र पंच तंटा मिटवू शकत. कायदा करू शकत नसत. १६७४ च्या करारात जमीनधारकांनी वर्षाला २०,००० झेराफिन देण्याचे कबूल केले आणि त्यांचे जमिनीवरील हक्क मान्य झाले. ही तडजोड होती, प्रतिनिधित्व नव्हे.

७/८
गोऱ्यांनाही तीच मर्यादा जाचली. कंपनीच्या काटकसरीने संतापलेल्या कॅप्टन रिचर्ड केग्विनने २७ डिसेंबर १६८३ रोजी बंड करून मुंबई राजाच्या नावे ताब्यात घेतली. त्याने संभाजी महाराजांशी तहही केला. नोव्हेंबर १६८४ मध्ये त्याने बेट परत सोपवले.

८/८
सिद्दीच्या स्वारीनंतर १६९० मध्ये न्यायालय बंद पडले. ते पुन्हा उघडले १७१८ मध्ये. जे न्यायालय मालक बंद ठेवू शकतो, ते प्रजेचा हक्क नसून मालकाची सोय असते. मुंबईस न्याय आधी लाभला; कायदा करणाऱ्या सभेत निवडून जाण्यासाठी मात्र पुढील पिढ्यांना दोन शतकांहून अधिक काळ थांबावे लागले.