दारात कोण उभे आहे? १८९७ चा प्लेग, २०२० चा कोरोना आणि सरकारांची परीक्षा

१/
पनवेल मागे टाकून मुंबई-गोवा महामार्गाने कोकणाकडे निघाले की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण लागते. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म या गावी झाला. त्यांचा सशस्त्र उठाव सर्वांना ठाऊक असतो. त्या उठावामागचा एक प्रश्न मात्र मागे पडतो: संकट कोसळते तेव्हा सरकारने प्रजेशी कसे वागावे? हाच प्रश्न पुढे प्लेगात विचारला गेला, आणि कोरोनातही. त्याच प्रश्नाचा हा धागा.

२/
१८७६-७७ चा दख्खनचा दुष्काळ. फडके तेव्हा पुण्यात लष्करी हिशेब खात्यात नोकरीला होते. दुष्काळी कामांवरच्या मजुरीचा हिशेब करायला सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना पाठवले. दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषाला त्यांनी एक पौंड धान्य आणि एक आणा पुरेसा ठरवला. विशेष म्हणजे तीनच वर्षांपूर्वी याच टेंपल यांनी बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून फार मोठी जीवितहानी टाळली होती. त्याबद्दल त्यांच्या वाट्याला उधळपट्टीचा ठपका आला. दख्खनमध्ये त्यांनी तो धुऊन काढला, आणि त्याची किंमत उपाशी माणसांनी मोजली.

३/
फडक्यांनी दुष्काळी मुलूख पाहिला आणि १८७९ मध्ये रामोश्यांना साथीला घेऊन बंड पुकारले. १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. दुष्काळात सरकारने हात आखडता घेतला होता. पुढच्या संकटात त्याच सरकारने हात उगारला.

४/
सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवी भागात डॉ. अकॅसियो व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. काही महिन्यांतच लाखो लोकांनी शहर सोडले. गिरण्या ओस पडल्या, आणि आगगाडीने, आगबोटीने व पायी माणसे आपापल्या गावांकडे निघाली. त्यांच्याबरोबर साथही निघाली.

५/
४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. त्याची कलमे अवघी चार. त्यांतले एक सरकारला हवे ते नियम करण्याचा अधिकार देते. दुसरे ते नियम मोडणाऱ्याला शिक्षा देते. शेवटचे कलम सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला दाव्यापासून संरक्षण देते. रुग्णाच्या हक्कांविषयी मात्र त्यात एकही कलम नव्हते.

६/
पुण्यात या कायद्याचा चेहरा म्हणजे प्लेग कमिटीचे अध्यक्ष वॉल्टर रँड. मार्चपासून लष्कराकरवी घरझडती सुरू झाली. गोरे सोजीर माजघरात, स्वयंपाकघरात, देवघरात शिरू लागले. स्त्रियांची तपासणी झाली, सामान जाळले गेले, रुग्ण इस्पितळात आणि त्याचे आप्त विलगीकरण छावणीत नेले गेले. लोकांनी यावर आपला उपाय शोधला: आजारी माणूस लपवायचा आणि मृत्यू गुपचूप उरकायचा. जी झडती रुग्ण शोधण्यासाठी होती, तिनेच रुग्ण दिसेनासे केले.

७/
त्याच मार्चमध्ये त्याच पुण्यात दुसरे एक चित्र होते. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत शहराबाहेर प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत होते. ती सेवा करतानाच संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचे निधन झाले. रुग्णाला घरातून हलवणे हे सैनिकांचेही काम होते आणि सावित्रीबाईंचेही. पण एकीकडे लोक दार लावून घेत होते, आणि दुसरीकडे आपला माणूस स्वाधीन करीत होते.

८/
२२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवानंतर गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाले, रँड ३ जुलैला मरण पावले. टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात अठरा महिन्यांची शिक्षा झाली. चापेकर फासावर गेले. प्लेग मात्र गेला नाही. उन्हाळ्यात ओसरलेली साथ पावसाळ्यानंतर पुन्हा उसळली.

९/
आणि या जुलमाला शास्त्राचाही आधार नव्हता. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने कराचीत, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातच, प्लेग उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो हे दाखवले. सैनिक माणसे धुंडाळत होते आणि रोग भिंतीतल्या बिळांत होता.

१०/
हे केवळ पुण्यापुरते नव्हते. जगभर फिरलेल्या याच साथीत प्रत्येक सरकारचा स्वभाव उघडा पडला.
• हाँगकाँग, १८९४: ब्रिटिश सैनिकांनी ताइपिंगशान या चिनी वस्तीत घरझडती केली. हजारो लोक शहर सोडून गेले.
• पोर्तो, १८९९: लिस्बनच्या सरकारने शहराभोवती लष्करी कडे घातले. निदान करणारे डॉ. रिकार्दो जॉर्ज यांच्यावरच लोकक्षोभ उसळला आणि त्यांना शहर सोडावे लागले.
• सॅन फ्रान्सिस्को, १९००: नाकेबंदी केवळ चिनी वस्तीची झाली. न्यायालयाने ती पक्षपाती ठरवून रद्द केली. दुसरीकडे राज्याचे गव्हर्नर प्लेग आहे हेच नाकारत राहिले.
• सिडनी, १९००: गोदी परिसरात सक्ती आणि पाडापाडी तिथेही झाली, पण मुख्य आरोग्याधिकारी अॅशबर्टन थॉम्पसन यांनी मोर्चा उंदरांकडे वळवला. पहिल्या उद्रेकात ३०३ रुग्ण आणि १०३ मृत्यू झाले.

११/
मुंबई इलाख्याचे सरकारही शिकले, पण उशिरा. मुंबईत जातवार आणि धर्मवार खासगी इस्पितळांना मुभा मिळाली, कारण सरकारी इस्पितळाच्या नावानेच लोक घाबरत. डॉ. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. ती लस ऐच्छिक राहिली. मार्च १८९८ मध्ये मुंबईत दंगल उसळल्यावर सक्तीची धार आणखी बोथट झाली. सरकारला दया आली असे म्हणता येत नाही. सक्तीने साथ हटत नाही, हा हिशेब त्याला उमगला.

१२/
१२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, महाराष्ट्रात तोच १८९७ चा कायदा लागू झाला. २४ मार्चला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली आणि ती मध्यरात्रीपासून अमलात आली. मधले अंतर चार तासांचे. रोजंदारीवरचे लाखो मजूर पायी गावाकडे निघाले. मुंबई-गोवा रस्त्यावरही चालणारी माणसे दिसू लागली. १८९६ चे दृश्य परत आले होते.

१३/
इतर देशांत काय घडले?
• न्यूझीलंडने २१ मार्चला चार टप्प्यांची इशारा-पद्धत लोकांसमोर मांडली आणि पुढच्या काही दिवसांत सर्वांत कडक टप्पा लागू केला. काय येणार हे लोकांना आधी कळले होते.
• दक्षिण कोरियाने २०१५ च्या मर्स साथीतून धडा घेऊन चाचण्यांवर भर दिला. देशव्यापी टाळेबंदी टळली, पण रुग्णांच्या हालचाली इतक्या तपशिलाने जाहीर होत की खासगीपणाचा वाद पेटला.
• स्वीडनने लोकांवर भरवसा ठेवून निर्बंध सौम्य ठेवले. वृद्धाश्रमांतील माणसांचे रक्षण झाले नाही, हे तिथल्याच चौकशी आयोगाने वर्षअखेर नोंदवले.
• ब्राझीलमध्ये अध्यक्ष साथीला क्षुल्लक म्हणत राहिले आणि एप्रिल-मे २०२० मध्ये महिनाभरातच दोन आरोग्यमंत्री गेले.

१४/
अशी तुलना जपून करावी लागते. न्यूझीलंड पन्नास लाख लोकसंख्येचा बेटांचा देश आहे, भारत नव्हे. शिवाय मृत्यूंचे आकडेही सगळीकडे सारखे मोजले गेले नाहीत. २०२०-२१ मध्ये भारतात सुमारे ४७ लाख अतिरिक्त मृत्यू झाले, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने मांडला. अधिकृत आकडा पाच लाखांच्या आत होता. भारत सरकारने तो अंदाज अमान्य केला. पुण्यात १८९७ मध्ये घरे मृत्यू लपवीत होती. २०२१ नंतर वाद सरकारी मोजणीचा होता. दोन्ही वेळी खरा आकडा हाच पहिला बळी ठरला.

१५/
मग या दोन काळांची खरी तुलना कुठे करावी? धारावीत. १ एप्रिल २०२० रोजी तिथे पहिला रुग्ण सापडला. एका खोलीत आठ-दहा माणसे आणि सामायिक शौचालये असलेल्या वस्तीत ‘घरात राहा’ या आदेशाला अर्थ नव्हता. महापालिकेने वस्तीतलेच खासगी डॉक्टर सोबतीला घेतले. घरोघरी तपासणी झाली, शाळा आणि क्रीडासंकुलात विलगीकरणाची सोय झाली, तिथे जेवण आणि औषध मिळाले. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे उदाहरण जगासमोर ठेवले.

१६/
कायदा तोच होता. घराघरांत शिरून रुग्ण शोधायची, त्याला वेगळे ठेवायची कृतीही तीच होती. फरक दारात उभ्या असलेल्या माणसात होता. १८९७ मध्ये दारात सोजीर होता आणि तो घेऊन जायला आला होता. २०२० मध्ये दारात गल्लीतला ओळखीचा डॉक्टर होता, आणि त्याच्यामागे जेवणाची व खाटेची सोय होती.

१७/
कडक सरकार श्रेष्ठ की सौम्य, हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. न्यूझीलंड कडक होते आणि रँडही कडकच होते. स्वीडन सौम्य होते आणि टेंपल यांच्या मजुरीच्या दरातही सक्ती अशी नव्हती, होती ती उपेक्षा. सरकार खरे सांगते का, आधी सांगते का, आणि जे हिरावून घेते त्याच्या बदल्यात काय देते, या तीन कसोट्यांवर दुष्काळ, प्लेग आणि कोरोना हे तिन्ही काळ तपासता येतात.

१८/
ऑगस्ट २०२० मध्ये गणपतीसाठी कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांना दहा दिवसांच्या विलगीकरणाची अट होती. ती आधी जाहीर झाली होती, म्हणून माणसे वेळ काढून लवकर निघाली. कुरकुर झाली, वाद झाले, तरी शिरढोणवरून जाणाऱ्या त्याच रस्त्याने ती गावी पोहोचली. मार्चमध्ये त्याच रस्त्यावर पायी चालणाऱ्यांना मिळाले होते चार तास.