बोटांतून काहीच वाहत नाही: आबे फारिया आणि संमोहनाचा उगम

पणजीत मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या शेजारी एक पुतळा उभा आहे. पायघोळ झगा घातलेला धर्मगुरू, पुढे पसरलेले त्याचे दोन्ही हात आणि त्या हातांखाली कोसळलेली एक स्त्री. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांची ही कृती १९४५ पासून तेथे आहे. पाहणाऱ्याला क्षणभर वाटतेच, की या माणसाच्या बोटांतून काही विलक्षण शक्ती वाहत असावी.

पुतळा आबे फारियांचा. आणि बोटांतून अशी कोणतीही शक्ती वाहत नाही, हेच सांगण्यात त्यांच्या आयुष्याची अखेरची वर्षे खर्ची पडली.

त्यांचे म्हणणे किती धाडसाचे होते हे कळण्यासाठी आधी पॅरिसला जावे लागते. १७७८ मध्ये व्हिएन्नाहून फ्रान्झ आंतोन मेस्मर नावाचे वैद्य तेथे आले. साऱ्या विश्वात एक अदृश्य प्रवाह भरलेला आहे, शरीरात तो अडला की रोग होतो आणि वैद्य स्वतःच्या अंगच्या प्रवाहाने तो मोकळा करतो, असा त्यांचा सिद्धान्त. त्याला ते ‘प्राणिज चुंबकत्व’ म्हणत. पाण्याने भरलेल्या मोठ्या लाकडी पिंपातून वाकड्या लोखंडी कांड्या बाहेर आलेल्या असत. रोगी त्या धरून गोलाकार बसत. कोणाला झटके येत, कोणी रडे, कोणी हसत सुटे. यांतल्या पुष्कळांना नंतर खरोखरच बरे वाटे, हेही नोंदवले पाहिजे.

१७८४ मध्ये सोळाव्या लुईने चौकशी समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिए तिचे सदस्य होते. पॅरिसजवळ पासी येथे फ्रँकलिन यांच्या बागेत एक प्रयोग झाला. मेस्मर यांचे शिष्य देस्लाँ यांनी जर्दाळूचे एक झाड ‘चुंबकित’ केले. मग सुमारे बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून बागेत आणले आणि भलत्याच झाडांपाशी नेले. झाडागणिक त्याची अवस्था बिघडत गेली आणि चौथ्या झाडाशी तो शुद्ध हरपून पडला. चुंबकित झाड तेथून दूर होते.

समितीने निष्कर्ष काढला: प्रवाह वगैरे काही नाही, हा कल्पनेचा खेळ आहे. निष्कर्ष अचूक होता, पण समिती तेथेच थांबली. ज्या कल्पनेने धडधाकट मुलगा बेशुद्ध पडतो, ती आणखी काय काय करू शकेल, हा प्रश्न तिला विचारावासा वाटला नाही.

तो प्रश्न पुढे नेणारा मनुष्य बार्देसातला होता. जुझे कुस्तोदियो द फारिया यांचा जन्म १७५६ मध्ये कांदोळीचा. आईवडील विभक्त झाले. वडील कायतान व्हितोरिनो धर्मगुरू झाले, आई जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठात जोगीण झाली. १७७१ मध्ये बापलेक लिस्बनला पोहोचले. मुलाचे पुढले शिक्षण रोममध्ये झाले आणि १७८० मध्ये त्याला धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली.

लिस्बनच्या राजप्रार्थनालयातील एक आख्यायिका गोव्यात आजही सांगितली जाते. राणीसमोर प्रवचनाला उभे राहिलेल्या तरुण फारियांची वाचा बसली. तेव्हा जवळ बसलेले वडील कोकणीत पुटपुटले, “ही सगळी भाजी, कातर रे भाजी!” समोरचे दरबारी म्हणजे पालापाचोळा, खुशाल काप! भीती गेली आणि प्रवचन धडाक्यात झाले. एका वाक्याने मनाची अवस्था पालटते, हा पुढच्या साऱ्या सिद्धान्ताचा गाभा या गोष्टीत इतका नेटका बसतो, की ती कोणीतरी मागाहून रचली असावी अशी शंका येते.

१७८७ मध्ये गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा पिंटोंचा कट उघडकीस आला आणि पंधरा जणांना प्राण गमवावे लागले. संशयाची सावली लिस्बनमधील फारिया पितापुत्रांवरही पडली. पुढच्याच वर्षी जुझे पॅरिसला गेले, आणि लवकरच क्रांतीच्या वावटळीत सापडले.

आरंभी तेही इतरांसारखेच चुंबकवादी होते. लेखक शातोब्रियाँ यांनी आठवणींत एका मेजवानीचा किस्सा थट्टेने सांगितला आहे. चुंबकत्वाने कॅनरी पक्षी मारून दाखवतो अशी फुशारकी फारियांनी मारली. सरशी पक्ष्याची झाली! आपल्या हातांवरचा फारियांचा विश्वास नेमका केव्हा उडाला कोण जाणे, पण १८१३ मध्ये क्लिशी रस्त्यावरील दालनात त्यांनी जाहीर वर्ग सुरू केले, तेव्हा ते अगदी निराळे बोलत होते.

तेथे पिंप नव्हते, कांड्या नव्हत्या. समोरच्या व्यक्तीला खुर्चीत आरामात बसवायचे. डोळे मिटून केवळ झोपेचा विचार करायला सांगायचे. शांतता पसरली की करड्या आवाजात एकच शब्द: “दॉर्मे!” झोपा! दोनचारदा सांगूनही झोप लागली नाही, तर ती व्यक्ती या कामाची नाही असे सांगून सरळ परत पाठवायचे. ज्यांना झोप लागे, त्यांना साध्या पाण्यात मद्याची चव लागे. एका शब्दाने त्यांचा हात लुळा पडे आणि दुसऱ्या शब्दाने पूर्ववत होई.

फारियांचे स्पष्टीकरण असे: ही निद्रा झोपवणाऱ्याकडून येत नाही, ती झोपणाऱ्याच्या एकाग्रतेतून उपजते. मनाची तशी घडण नसेल, तर जगातला कोणीही त्या व्यक्तीला झोपवू शकणार नाही. झोपवणारा केवळ निमित्तमात्र.

फारियांचे सगळेच बरोबर होते असे नव्हे. ज्यांचे रक्त पातळ त्यांना ही निद्रा सहज लागते, असे ते मानत. त्याला काही आधार नाही. मात्र ही क्षमता प्रत्येकात सारखी नसते, ही त्यांची नोंद टिकली. आज वेदना, शस्त्रक्रियेपूर्वीची धास्ती किंवा आतड्यांचे काही जुनाट विकार यांसाठी चिकित्सक संमोहनाचा उपयोग करतात आणि अनुभव तोच येतो: काहींना मोठा गुण येतो, काहींना मुळीच नाही. धूम्रपान सोडवण्यासाठी त्याची जाहिरात जोरात होते, पण पुरावा तोकडा आहे.

पॅरिसने फारियांना फार काळ सुखाने राहू दिले नाही. चुंबकवाद्यांना ते आवडणे शक्यच नव्हते, कारण त्यांच्या हातांतली शक्तीच फारियांनी काढून घेतली होती. धर्मनिष्ठांना यात सैतान दिसला, वृत्तपत्रांना ढोंगी. १८१६ मध्ये व्हारिएते नाट्यगृहात या वेडावर एक प्रहसन रंगले आणि शहर पोट धरून हसले. वर्ग ओस पडले. अखेर एका मठातील धर्मसेवेवर त्यांनी उदरनिर्वाह केला. २० सप्टेंबर १८१९ रोजी ते वारले. ज्या वर्षी ‘जागृत निद्रे’च्या कारणांवरील त्यांचा फ्रेंच ग्रंथ निघाला, तेच हे वर्ष. पुढे अलेक्झांडर द्यूमा यांनी ‘द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’मध्ये हे नाव अमर केले खरे, पण कादंबरीतला कैदी फारिया इटालियन आहे आणि त्याचा संमोहनाशी संबंध नाही.

विचार मात्र हातोहात पुढे गेला. फारियांचे वर्ग ऐकलेल्या नॉएझे या लष्करी अधिकाऱ्याने त्यांची मते लिहून ठेवली. १८४३ मध्ये जेम्स ब्रेड या स्कॉटिश शल्यविशारदाने आपल्या ग्रंथातून आजचे ‘हिप्नॉटिझम’ हे नाव रूढ केले. नान्सी शहरात लिएबो आणि बर्नहाइम यांनी ‘सूचना’ या एका शब्दाभोवती उपचारपद्धती उभारली, आणि बर्नहाइम यांनी आद्यत्वाचा मान मोकळेपणाने फारियांना दिला. लिएबो यांच्याकडे शिकून गेलेला एमिल कुए हा फ्रेंच औषधविक्रेता तर झोपवण्याच्याही पलीकडे गेला. माणसाने सकाळ-संध्याकाळ स्वतःलाच सूचना द्यावी, असे तो शिकवी. आपण कोणालाही बरे करत नाही, असे तो आवर्जून सांगे.

१९०६ मध्ये डॉ. दालगादो या गोमंतकीय वैद्याने फारियांचा विस्मृतीत गेलेला ग्रंथ पॅरिसमध्ये पुन्हा छापून घेतला आणि त्यांचे चरित्रही लिहिले. मूळ ग्रंथावर ‘खंड पहिला’ असे छापलेले आहे. पुढचे खंड कधीच निघाले नाहीत.