भुट्ट्याचं बी: वाड्याच्या खुंटीपासून पाकिटापर्यंत



मे सरत आला की आपल्या इंदुरी मराठी घरांत एक विचारणा हमखास सुरू होते. यंदा अंगणात किंवा गच्चीवर स्वीट कॉर्न लावायचंय, बी कुठलं घ्यावं, आणि एवढ्याशा पाकिटाला एवढे पैसे का? मी एका ओळीत उत्तर देणार नाही, थोडं मागून सुरू करते. कारण बी परवडतं की नाही हा प्रश्न आपल्या आज्यांना कधी पडलाच नव्हता. त्यांनी भुट्ट्याचं बी विकत घेतलंच नाही.

मका आपला नव्हे, हे सगळ्यांना माहीत आहे. तो अमेरिकेचा. पोर्तुगीजांच्या काळात तो इकडे आला असं सर्वसाधारणपणे मानतात. आपली माणसं माळव्यात आली ती अठराव्या शतकात, होळकर-शिंदे-पवारांच्या मागोमाग. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला स्थिरावली आणि दख्खनी कुटुंबांचे वाडे इथे उभे राहिले. येताना त्यांनी ज्वारीच्या भाकरीची सवय आणली. इथे भेटला माळव्याचा गहू, आणि पश्चिमेकडे झाबुआच्या भिलांच्या डोंगरात रोजच्या भाकरीचा पांढरा मका. वाड्याच्या मागच्या परसात दोन-चार ओळी भुट्टा लावायची रीत आपण इथे येऊन उचलली. शब्दही उचलला. पुण्याचे पाहुणे ‘कणीस’ म्हणतात, आपण ‘भुट्टा’च म्हणतो.

बदल्यात आपणही काही दिलं, असं माझं मत. ‘भुट्टे का कीस’ हे नाव अख्खा सराफा हिंदीत घेतो, पण त्यातला कीस मला मराठीच ऐकू येतो. बटाट्याचा कीस, रताळ्याचा कीस, तसा भुट्ट्याचा कीस. हिंदीवाला कद्दूकस करतो, किसतो तो आपण.

आता हा कीस ज्या भुट्ट्याचा व्हायचा तो देशी, बहुधा पांढरा. दाणा दुधात असताना किसायचा, तुपावर मोहरी-हिंग-मिरचीची फोडणी, मग दूध घालून मंद आचेवर आटवायचा. तो घट्ट होतो तो दाण्यातल्या पिठामुळे, म्हणजे स्टार्चमुळे. आजचा स्वीट कॉर्न किसून बघा: साखर भरपूर, पीठ कमी. कीस सैल राहतो आणि गोडगोड लागतो, मग घट्टपणासाठी वरून काहीतरी घालावं लागतं. ज्यांनी जुना खाल्लाय त्यांना फरक पहिल्या घासाला कळतो. म्हणून बियाण्याची गोष्ट मला नुसती पैशाची वाटत नाही.

वाड्यातली पद्धत साधी होती. ओळीतली ठसठशीत, शेंड्यापर्यंत भरलेली सात-आठ कणसं खायची नाहीत. ती झाडावरच पूर्ण वाळू द्यायची. मग पाला मागे ओढून त्याची वेणी घालायची आणि स्वयंपाकघरातल्या खुंटीला, चुलीचा धूर लागेल अशी टांगायची. धुरामुळे किडा लागत नाही आणि दाणा कोरडा राहतो. पेरताना कणसाच्या दोन्ही टोकांचे बारीक दाणे बाजूला काढून मधलेच घ्यायचे. मुलांनी भूक भूक केली तरी खुंटीवरच्या भुट्ट्याला हात लावायची सोय नव्हती.

आणि दुसरी एक रीत, जी त्या काळी केवळ आपुलकीची वाटे. देवासची आत्या आली की चार कणसं आणणार, धारची मावशी आली की दोन नेणार. बी असं घराघरांतून फिरायचं. यामागचं कारण त्या बायकांना कुणी शिकवलं नव्हतं, पण ते पक्कं आहे. मक्याचं परागण वाऱ्यावर होतं. वरच्या तुऱ्यातले पराग उडतात आणि कणसाच्या केसांवर पडतात. एक केस म्हणजे एक दाणा. थोड्याशाच झाडांचं बी वर्षानुवर्षं आपसात फिरलं तर झाडं खुजी होतात, कणसं लहान होतात. अमेरिकेत जॉर्ज शल यांनी १९०८ च्या सुमारास हीच गोष्ट प्रयोगांनी मांडली: आपसातल्या संकराने मका खंगतो आणि दोन खंगलेल्या वाणांचा संकर केला की एकदम जोम धरतो. हायब्रिड मक्याचा सगळा उद्योग या शोधावर उभा आहे. आपल्या आत्या-मावश्या चार गावांचं बी मिसळून तेच खंगणं टाळत होत्या.

हायब्रिड आपल्या देशात आलं ते स्वातंत्र्यानंतर. १९५७ मध्ये मक्यासाठी अखिल भारतीय समन्वित संशोधन योजना सुरू झाली आणि १९६१ मध्ये गंगा १, गंगा १०१, रणजित, डेक्कन असे पहिले संकरित वाण आले. १९६३ मध्ये राष्ट्रीय बीज निगम स्थापन झालं. बी ही दुकानातून आणायची वस्तू आहे, ही सवय तेव्हापासून लागली. शेतकऱ्याला त्याचा फायदा झाला, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. फक्त संकरित बी दर वर्षी नवीन घ्यावं लागतं, आणि वाडेही एकेक करून पडले. परस गेलं, तशी खुंटी गेली.

आता स्वीट कॉर्न. हा नुसता कोवळा मका नव्हे. मक्याच्या दाण्यात साखरेचं पीठ बनवणारी जी साखळी असते तिच्यात एका जनुकाचा बिघाड झाला की साखर तशीच राहते आणि वाळल्यावर दाणा सुरकुततो. असा गोड मका तिथल्या मूळ रहिवाशांना फार पूर्वीपासून ठाऊक होता. १७७९ मध्ये इरोक्वाय लोकांकडून ‘पापून’ नावाचा गोड मका गोऱ्या वसाहतवाल्यांनी नेला असं सांगतात. पुढे १९०२ मध्ये बर्पी कंपनीने ‘गोल्डन बँटम’ हा पिवळा गोड वाण बाजारात आणला. गंमत बघा, तोपर्यंत अमेरिकेतही पिवळा मका गुराढोरांचा आणि पांढरा माणसांचा असाच समज होता! गोल्डन बँटमने तो मोडला. आपल्याकडे पांढऱ्याचा मान त्यानंतरही कितीतरी वर्षं टिकला.

या जुन्या गोड मक्याची अडचण अशी की तोडल्यावर काही तासांतच त्याची साखर पीठ व्हायला लागते. १९५३ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या जॉन लॉफनन यांनी दुसऱ्याच एका जनुकावर बोट ठेवलं. त्याने दाणा आणखी सुरकुततो, पण साखर कितीतरी जास्त असते आणि तोडल्यावरही काही दिवस टिकते. मॉलच्या फ्रिजमधला आणि थिएटरबाहेर कपात मिळणारा स्वीट कॉर्न बहुतेक या ‘सुपरस्वीट’ घराण्यातला.

पाकीट महाग का, याचं अर्धं उत्तर इथे आहे. असं सुरकुतलेलं बी म्हणजे शिदोरी न घेता प्रवासाला निघालेला पोर. कोंबाला पोसायला आत पीठच नसतं. ते जपून तयार करावं लागतं, जपून वाळवावं लागतं, आणि उगवणही साध्या मक्याइतकी भरवशाची नसते. उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे आपण मूठभर घेतो. एका किलोत सात ते दहा हजार दाणे असतात आणि आपल्या अंगणाला लागतात चाळीस-पन्नास. शेतकरी किलोने घेतो, आपण रंगीत पाकिटाचे आणि हाताळणीचे पैसे भरतो. म्हणून भाव विचारताना ग्रॅमवर जाऊ नका, दाणे किती आहेत ते विचारा. सुपरस्वीटच्या शंभर दाण्यांचं वजन जेमतेम दहा-पंधरा ग्रॅम भरतं.

पाकिटावर आणखी काय बघायचं? चाचणीची तारीख, वैधता आणि उगवणीची टक्केवारी. बियाणे कायदा १९६६ चा आहे आणि हे सगळं लेबलवर छापणं बंधनकारक आहे. प्रमाणित बियाण्याला निळी पट्टी असते. ज्याच्यावर यातलं काहीच नाही, नुसता पिवळ्याधमक भुट्ट्याचा फोटो आहे, ते कितीही स्वस्त असलं तरी महागच. घरी आणल्यावर दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळा आणि पाच दिवसांनी मोजा. आठ उगवले तर उत्तम, चार उगवले तर तुमचं बी दुप्पट महाग पडलं. दाणे गुलाबी-हिरवे दिसले तर ते औषध लावलेलं असतं. पोरांच्या तोंडात जाऊ देऊ नका, पेरल्यावर हात धुवा.

वाण निवडताना मात्र एक फाटा फुटतो. आपल्या हैदराबादच्या मराठी मंडळींना अभिमान वाटावा अशी गोष्ट: तिथल्या कृषी विद्यापीठाने ‘माधुरी’ आणि नंतर ‘प्रिया’ हे गोड मक्याचे संमिश्र वाण काढले. संमिश्र म्हणजे संकरित नव्हे. याचं बी घरी धरता येतं आणि पुढच्या वर्षी जवळजवळ तसंच पीक येतं. कंपन्यांचे हायब्रिड जास्त एकसारखे आणि भरघोस, यात शंका नाही. पण खुंटीची सवय परत लावायची असेल तर संमिश्र वाण शोधा. रंगीत पाकिटांच्या रॅकवर ते क्वचितच दिसतात. कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठाच्या बीज विक्री केंद्रात विचारलं तर बरं.

हायब्रिडचं बी धरलं तर ते अजिबात चालत नाही, हा समज थोडा अर्धवट आहे. आई-बाप दोन्ही गोड असल्यामुळे पुढच्या पिढीची गोडी जात नाही. विस्कटतं ते बाकीचं: एक झाड उंच, एक ठेंगणं, एक कणीस आज तयार, दुसरं दहा दिवसांनी. शेतकऱ्याला हा तोटा, कारण त्याला एकदम तोडणी हवी. घरच्या चार माणसांना रोज दोन-दोन भुट्टे मिळाले तर वाईट काय?

खरी काळजी वेगळीच घ्यावी लागते. साध्या मक्याचे पराग गोड मक्याच्या केसांवर पडले की तो दाणा त्याच वर्षी पिठूळ होतो. शेजारच्या प्लॉटवर कुणी देशी भुट्टा लावला असेल तर तुमचं महागडं बी वाया. दोन वेगळ्या घराण्यांचे गोड मके शेजारी लावले तरी हेच होतं, दोन्हींची गोडी जाते. उलट दिशेचं नुकसान लगेच दिसत नाही. देशी कणसावर गोड पराग पडले तर दाणे टपोरेच राहतात, पण तेच बी धरलंत तर पुढच्या पिकात भरलेल्या दाण्यांमध्ये सुरकुतलेले दाणे डोकावू लागतात. कणीस दुधात असताना कुणाच्या लक्षातही येत नाही. इंदूरच्या आसपास जो तो स्वीट कॉर्न लावतोय, आणि पांढरा देशी भुट्टा जो काही उरलाय तो असा आतून बदलतोय. उपाय आहे: दोन्ही लावायचे असतील तर पेरणीत तीन आठवड्यांचं अंतर ठेवा, म्हणजे तुरे वेगवेगळ्या वेळी येतात.

लावणीचं थोडक्यात सांगते. एक लांब ओळ लावू नका, चार-चारच्या चार ओळींचा चौकोन करा, नाहीतर पराग उडून जातात आणि कणसं बोडकी राहतात. आपली काळी माती पाऊस झाला की पाणी धरून बसते आणि सुपरस्वीटचं बी त्यात कुजतं. म्हणून वरंब्यावर, बोटाच्या एक-दीड पेराएवढंच खोल पेरा. झड लागली असेल तर चार दिवस थांबा. मक्याला खत भरपूर लागतं, त्यासाठी आपल्याला कुठे लांब जायला नको. सर अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीत होते आणि काडीकचरा-शेणाच्या थरांची त्यांची कंपोस्टची रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते.

बी धरायचं तर ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसात कणीस झाडावर सडतं, हा त्रास वाड्यातही होता. गच्चीवर पाणी देण्याची सोय असेल तर बियाण्यापुरती सोळा झाडं फेब्रुवारीत लावा, कणसं कडक उन्हात वाळतात. चूल नसली तरी घट्ट झाकणाचा डबा आणि कोरडी जागा पुरते. गोड मक्याचं बी फार वर्षं टिकत नाही, ते पुढच्याच हंगामात वापरा.

पण सोळा झाडांचं बी एकाच घरात फिरत राहिलं तर तीन-चार वर्षांत खंगणार. म्हणून माझी विनंती अशी. रामबाग, लोकमान्य नगर, टिळक नगर, जिथे जिथे आपली माणसं आहेत, तिथे आठ-दहा घरांनी मिळून एकच मोठं पाकीट घ्या, एकाच वाणाचं. वाटून लावा, आणि प्रत्येक घराने दोन चांगली कणसं बियाण्यासाठी राखून दाणे एकत्र मिसळा. देवास, धार, उज्जैनवाल्यांनाही घ्या.

आणि कुणाच्या गावाकडच्या घरी, कुठल्या सालदाराकडे किंवा झाबुआ-अलीराजपूरच्या ओळखीतून जुना पांढरा भुट्टा अजून मिळत असेल, तर खाली लिहा. मला वीस दाणे पुरतील. कीस करून वाटीभर मी घरपोच देईन.